श्रावणबाळाची दमछाक : वृद्धांच्या डायलिसिसचा भार घरात कोण उचलतं?

श्रावणी सोमवारी मंचर-घोडेगाव-भीमाशंकर रस्त्याची काय अवस्था होते, हे आंबेगाव तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. भाविकांच्या गाड्यांची रांग, अलीकडेच थांबवलेली खासगी वाहनं, देवस्थानापर्यंत सोडणाऱ्या एसटीच्या फेऱ्या, वरून धुकं आणि पाऊस. ही सगळी गर्दी डोंगर चढत असताना एखादं घर मात्र उलट्या दिशेनं, खाली उतरायच्या खटपटीत असतं. कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डायलिसिसचा वार सोमवार आहे.

हा वार सहज पुढे ढकलता येत नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवार असे वार असले, तर शुक्रवार ते सोमवार हा सगळ्यात मोठा खंड असतो. अमेरिकेतल्या ३२ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मोठ्या खंडानंतरच्या दिवशीच मृत्यूचं आणि हृदयविकारामुळे दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. म्हणजे ज्या दिवशी रस्ता सगळ्यात जास्त तुंबलेला, नेमकं त्याच दिवशी वेळेवर पोहोचणं सगळ्यात जास्त गरजेचं.

पंचाहत्तरी-ऐंशीतल्या, चालताना भिंत धरणाऱ्या माणसाला एकट्याला पाठवता येत नाही. सोबत सून जाते, मुलगा जातो, कधी स्वतःच सत्तरीत असलेली बायको जाते. पलंगावर एकच जण झोपतो, पण दिवस दोघांचा जातो. कागदावर नोंद मात्र एकाचीच होते. या दुसऱ्या माणसाचं काय होतं, आणि सरकारी योजनांमध्ये त्याच्यासाठी काही आहे का, ते पाहू.

डायलिसिसला किती वेळ लागतो?

किडन्या जवळजवळ बंद पडल्या की शरीरातलं जादा पाणी आणि टाकाऊ द्रव्यं बाहेर काढण्याचं काम यंत्राला करावं लागतं. हातावर शस्त्रक्रियेनं तयार केलेल्या फिस्टुलामधून रक्त बाहेर घेतलं जातं, यंत्रातून गाळून परत सोडलं जातं. याला हिमोडायलिसिस म्हणतात. साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी ४ तास असं हे चालतं. आपल्याकडे खर्च, अंतर किंवा जागेच्या अडचणीमुळे अनेक रुग्ण दोनदाच करतात.

पण ४ तास हा झाला फक्त यंत्राचा वेळ. त्याआधी वजन, रक्तदाब, नंबर लागण्याची वाट. नंतर सुया काढल्यावर रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं, चक्कर येत नाही ना हे बघत थोडा वेळ बसवून ठेवणं. आणि दोन्ही बाजूंचा प्रवास.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हा प्रवासच दिवस खातो. भीमाशंकर ते मंचर रस्ता साठेक किलोमीटरचा, मंचरहून पुणे आणखी जवळजवळ तेवढंच. डायलिसिसची यंत्रं आहेत ती पुणे-नाशिक महामार्गाच्या पट्ट्यात आणि त्याहून कितीतरी जास्त पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात. आहुपे, तिरपाड, कोंढवळ किंवा जुन्नरच्या बाजूची आंबोली, इंगळून अशा गावांतून निघायचं, तर आधी वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत माणसाला आणावं लागतं. मग गाडी किंवा एसटी. पावसाळ्यात दरड, पडलेली झाडं, वाहून गेलेला रस्ता हे धरूनच चालायचं. ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलेलं माळीण याच तालुक्यातलं. सकाळी अंधारात निघालेली जोडी दिवेलागणीला घरी आली, तर दिवस चांगला गेला म्हणायचा.

आता साधा हिशेब करू. आठवड्यातून दोन वेळा म्हटलं तर वर्षाचे १०४ दिवस. तीन वेळा म्हटलं तर १५६. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यानं ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी हमी दिली होती १०० दिवसांच्या कामाची. म्हणजे सोबत जाणाऱ्या माणसाचे जेवढे दिवस रुग्णालयाच्या बाकावर जातात, ते एका अख्ख्या घराच्या हमीच्या कामापेक्षा जास्त आहेत.

हे दिवस कोणते असतात तेही बघायला हवं. या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा आदिवासी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. जुलैतली भाताची आवणी, उन्हाळ्यातला हिरडा, आणि उरलेल्या दिवसांत नारायणगावच्या बाजूला बागायतीत मजुरी, अशी अनेक घरांची वर्षाची घडी असते. आवणी चार दिवस पुढे ढकलली तर रोपं जून होतात. हिरडा पडतो तेव्हाच गोळा करायचा असतो. आणि मजुरीला जाणाऱ्या बाईनं आठवड्यातले ठरावीक दोन-तीन दिवस ‘येणार नाही’ म्हणून सांगितलं, की सलग कामावर तिला घेताना मुकादम विचार करणारच. तिचा बुडतो तो नुसता त्या दिवसाचा रोज नसतो.

या भागातली पुष्कळ घरं अर्धी गावात आणि अर्धी चाकण-भोसरीत किंवा मुंबईत अशी विभागलेली आहेत. त्यामुळे दुसरा मार्ग दिसतो तो म्हाताऱ्या माणसाला शहरातल्या मुलाकडे हलवण्याचा. प्रवास वाचतो. पण एका खोलीच्या बिऱ्हाडात आजारी माणसाचं अंथरूण पडतं, आणि गावाकडे मागे राहिलेली म्हातारी एकटी पडते. काही घरांत ती सोबत येते, मग गावाकडचं घर आणि गुरं शेजाऱ्यांच्या भरवशावर.

म्हातारपणातलं डायलिसिस वेगळं का?

चाळिशीतला रुग्ण कित्येकदा स्वतः बसने येतो, डायलिसिस करून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. थकलेल्या वृद्धाचं तसं नसतं. वैद्यकीय भाषेत ज्याला ‘फ्रेल्टी’ म्हणतात, ती म्हणजे नुसतं वय झालेलं नव्हे. आपोआप घटलेलं वजन, हाताच्या पकडीतला जोर जाणं, सतत थकवा, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल, या पाचपैकी तीन गोष्टी असतील तर माणूस ‘फ्रेल’ धरावा, असा निकष २००१ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडला आणि तो आज जगभर वापरला जातो. मराठीत आपण सरळ ‘खंगलेला’ म्हणतो.

अशा माणसाला डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. घरी आल्यावर तो जेवत नाही, नुसता पडून राहतो. दुसऱ्या दिवशी जरा तरतरी येते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं असतं. म्हणजे डायलिसिस नसलेल्या दिवशीसुद्धा घरातल्या एका माणसाला लांब जाता येत नाही. शौचाला नेणं, रात्री उठून बघणं, फिस्टुलाच्या हातावर झोपू न देणं, त्या हातानं कळशी उचलू न देणं, त्या हातावर कुणी रक्तदाब मोजू लागलं तर अडवणं, ही सगळी कामं तिच्याकडे येतात.

‘तिच्याकडे’ असं मुद्दाम लिहिलं आहे. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के महिला घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. हे काम करणाऱ्या महिलांचे त्यात दिवसाला १४० मिनिटं गेले, पुरुषांचे ७४. यात मुलांचं संगोपनही आलं, त्यामुळे हे आकडे आजारपणाचे नाहीत. पण घरात आजारपण आलं की ते कुणाच्या वाट्याला जाईल, याचा अंदाज त्यावरून येतो. मुलगा गाडी चालवतो, औषधं आणतो, पैशांची जुळवाजुळव करतो. तेही कमी नाही. बाकीचं सुनेकडे किंवा बायकोकडे.

स्वयंपाकघरातला पहारा

डायलिसिसच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं पाण्यावरून होतात. लघवी जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं. पाय सुजतात, छातीत भरलं की धाप लागते. म्हणून दिवसभरात लघवी होईल तेवढं आणि वर साधारण अर्धा लिटर, एवढंच पाणी चालतं. यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. जन्मभर उन्हातान्हात राबून तांब्याभर पाणी घटाघटा पिणाऱ्या माणसाला हे मान्य होत नाही. तो पाणी मागतो, सून नाही म्हणते. आलेल्या पाहुण्याला वाटतं, काय ही, सासऱ्याला पाणी देत नाही.

जेवणाचंही तसंच. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि ते जीवघेणं ठरतं. बटाटा, टोमॅटो, केळी, शहाळ्याचं पाणी यांत पोटॅशियम भरपूर. आंबेगावातलं सातगाव पठार बटाट्यासाठी आणि जुन्नरमधलं नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखलं जातं. म्हणजे जे दारात पिकतं आणि रोज ताटात असतं, तेच मोजून द्यायचं. भाजी बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायचं, मग फोडणीला टाकायची. लोणचं, पापड, खारं वर्ज्य. ‘आजाऱ्याला शहाळं न्यावं’ ही आपल्याकडची रीत इथे उलटी पडते, आणि ते शहाळं परत करताना वाईट दिसते तीही घरातली बाईच.

एकाच चुलीवर दोन स्वयंपाक होतात. आणि आठवड्याच्या शेवटी वजन तीन-चार किलोंनी वाढलेलं निघालं, की केंद्रावर पहिला प्रश्न सोबत आलेल्या माणसाला विचारला जातो : ‘घरी लक्ष देत नाही का?’

काळजी घेणाऱ्याच्या तब्येतीला काय होतं?

हा ताण मोजण्यासाठी १९८० मध्ये अमेरिकेत स्टीव्हन झरिट आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आजच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न आहेत. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, आपली तब्येत बिघडली असं वाटतं का, राग येतो का, आणखी करायला हवं होतं असं वाटतं का. मूळ प्रश्नावली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी होती. आता ती डायलिसिससह अनेक आजारांत वापरली जाते. तिचा फायदा एवढाच की जे आपण ‘करावंच लागतं’ म्हणून बाजूला टाकतो, ते कागदावर येतं.

आणि ते कागदावर यायला हवं, कारण प्रश्न नुसत्या थकव्याचा नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांवरचा एक अभ्यास बराच गाजला. काळजी घेताना ताण येतो असं सांगणाऱ्यांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्के जास्त निघाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही : काळजी घेत होते, पण ताण नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे सेवा माणसाला संपवत नाही. विश्रांती नाही, पाळी बदलायला कुणी नाही, झोप नाही आणि स्वतःच्या गोळ्या घ्यायचं भान नाही, हे संपवतं.

आपल्याकडे यात आणखी एक धागा आहे. किडनी निकामी होण्यामागे मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणं आहेत आणि दोन्ही घराण्यात चालतात. त्यामुळे वडिलांना डायलिसिसला घेऊन जाणारा पन्नाशीतला मुलगा स्वतःच धोक्याच्या यादीत असतो. वर्षाकाठी शंभर वेळा तो रुग्णालयात जातो. त्याचा रक्तदाब तिथे एकदाही मोजला जात नाही, कारण तो रुग्ण नाही.

सरकार काय देतं?

रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तर गेल्या दहा वर्षांत बरंच बदललं आहे, हे मान्य करायला हवं. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस, गरीब रुग्णांना मोफत. त्या भाषणातले आकडे आजही उद्धृत होतात : दरवर्षी सुमारे २.२ लाख नवे रुग्ण, त्यातून ३.४ कोटी डायलिसिसची वाढीव मागणी, एका वेळचा खर्च सुमारे २,००० रुपये. त्याच परिच्छेदात पुढे असंही म्हटलं होतं की कुटुंबांना वारंवार, लांबचा प्रवास करावा लागतो, त्यात भाडं जातं आणि मजुरी बुडते. म्हणजे अडचण सरकारला ठाऊक नव्हती असं नाही. भाषणात तिचा उल्लेख झाला, योजना आखली गेली ती यंत्रं आणि उपचार यांची.

राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०२३ मध्ये तिचं संरक्षण दीड लाखावरून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत नेण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना ती लागू करण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वेगळं कार्ड मिळू लागलं. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. डायलिसिसच्या रुग्णांचं नावही मोफत प्रवासाच्या सवलतींत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे सोबत जाणाऱ्या सुनेला थोडा दिलासा मिळतो. तो तिला बाई म्हणून मिळतो, काळजी घेणारी म्हणून नव्हे.

सोबत जाणाऱ्या माणसाला स्पष्टपणे ओळखणारी सवलत आहे ती रेल्वेची. डायलिसिससाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला आणि त्याच्याबरोबरच्या एकाला स्लीपरसारख्या वर्गांत ७५ टक्के सूट आहे. फक्त जुन्नर-आंबेगावात रेल्वे नाही. पुणे-नाशिक लोहमार्गाची चर्चा इथल्या दोन पिढ्यांनी ऐकली. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्ग बदलण्याचा विषयही निघाला. गाडी अजून आलेली नाही.

नोकरदार मुलाला प्राप्तिकरात जुन्या पद्धतीनं ‘८०डीडीबी’ कलमाखाली ज्येष्ठ नागरिकाच्या किडनी विकारावरच्या खर्चाची एक लाखापर्यंत वजावट मिळते. ज्याला करच भरावा लागत नाही, त्या शेतमजुराला तिचा उपयोग शून्य.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं आई-वडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला. त्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कर्तव्य लिहिलेलं आहे, न पाळल्याची शिक्षा लिहिलेली आहे. जो पाळतो त्याला टेकू द्यायचं कलम त्यात सापडत नाही. आणि राज्याच्या ज्या निवृत्तीवेतन योजनेतून ६५ वर्षांवरच्या निराधार वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तिचं नाव आहे श्रावणबाळ. आई-वडिलांना कावडीत घेऊन चालणाऱ्याचं नाव योजनेला दिलं, पैसे कावडीत बसलेल्यांना मिळतात. ते मिळायलाच हवेत. पण खांदा देणाऱ्यासाठी वेगळी ओळ कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

घरीच डायलिसिस केलं तर?

हा पर्याय आहे आणि डोंगरी भागासाठी तो जास्त गांभीर्यानं मांडला जायला हवा. पेरिटोनिअल डायलिसिसमध्ये पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत सोडतात, काही तास ठेवतात आणि बाहेर काढतात. दिवसातून साधारण ३-४ वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. हातानं करायच्या पद्धतीला वीज लागत नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात यासाठीही मार्गदर्शक सूचना आल्या.

प्रवास वाचतो, पण काम वाचतंच असं नाही. थकलेल्या माणसाचे हात थरथरतात, डोळ्यांनी दिसत नाही. पिशवी बदलायला कुणीतरी लागतंच, तेही दिवसातून चार वेळा, हात स्वच्छ धुऊन, धूळ नसलेल्या जागेत. हयगय झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो. दोन लिटरच्या चार पिशव्या रोज म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, नुसता द्रवच २४० लिटर. हे खोके वाडीपर्यंत कोण चढवणार?

तमिळनाडूनं याचं एक उत्तर शोधलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या घरपोच आरोग्य योजनेत या डायलिसिसच्या पिशव्या घरी देण्याचा समावेश आहे. फ्रान्समध्ये त्याहून पुढची सोय बरीच वर्षं रुळली आहे : वृद्ध रुग्णाच्या घरी परिचारिका येते आणि पिशवी बदलून जाते. घरच्या माणसानं परिचारिका व्हावं, अशी अपेक्षा नाही.

डायलिसिस सुरूच न करणं हा पर्याय असतो का?

याबद्दल आपल्याकडे बोलणं टाळलं जातं. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या ३,७०२ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये आला. डायलिसिस सुरू केल्यावर वर्षभरात त्यांतले ५८ टक्के दगावले होते, आणि आधी जेवढं स्वतःचं स्वतः करता येत होतं तेवढं टिकून राहिलं फक्त १३ टक्क्यांचं. ही माणसं मुळातच परावलंबी होती, त्यामुळे हा आकडा घरात हिंडत्याफिरत्या वृद्धाला लावता येणार नाही. ब्रिटनमधल्या ७५ वर्षांवरच्या रुग्णांच्या २००७ मधल्या अभ्यासात डायलिसिसमुळे आयुष्य वाढताना दिसलं, पण ज्यांना हृदयविकारासारखे इतर गंभीर आजार होते त्यांच्यात हा फायदा जवळजवळ पुसला गेला.

म्हणून अनेक देशांत अतिवृद्ध, खंगलेल्या रुग्णापुढे दोन्ही वाटा ठेवल्या जातात : डायलिसिस, किंवा डायलिसिसविना औषधं, आहार आणि धाप-खाज-मळमळ आटोक्यात ठेवणारी पॅलिएटिव्ह सेवा. दुसरी वाट म्हणजे उपचार सोडून देणं नव्हे. पण ती दाखवायला डॉक्टरकडे वेळ लागतो आणि घरी येणारी सेवा लागते. आपल्याकडे क्रिएटिनिनचा आकडा बघून ‘उद्या सुरू करावं लागेल’ एवढंच सांगितलं गेलं, की घरच्यांपुढे प्रश्न उरतो तो ‘बापाला मरू द्यायचं का’ असाच. अशा प्रश्नाला कुणीही नाहीच म्हणेल. मग दीड वर्षानं वडीलच ‘आता पुरे, मला नेऊ नका’ म्हणतात, तेव्हा तो निर्णय पेलायची ताकद घरात उरलेली नसते, आणि गाव काय म्हणेल हे वेगळंच.

शुद्धीवर असलेल्या रुग्णाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. पुढे शुद्ध हरपली तर काय करावं हे आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. असा कागद असला तर सगळ्यात जास्त ओझं उतरतं ते मुलाच्या आणि सुनेच्या मनावरचं.

काय बदलता येईल?

केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ काळजी घेणाऱ्यासाठी ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना आहे. महिन्याला ६०० रुपये. रक्कम तुटपुंजी, आणि ती महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारीही जुन्या. तरीही काळजी घेणारा हा स्वतंत्र लाभार्थी असतो हे एका राज्यानं कागदावर मान्य केलं, ही गोष्ट छोटी नाही. महाराष्ट्रानं तसंच काही केलं, तर सुरुवात डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांपासून व्हावी; घोडेगावात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहेच. पण पैशांपेक्षाही जास्त उपयोगी पडेल ते अंतर कमी करणं. यंत्र डोंगराच्या जितकं जवळ येईल, तितके दोन माणसांचे तास वाचतील. दोन-चार रुग्णांना एकत्र नेणारी-आणणारी गाडी मिळाली, तर चार घरांतली चार माणसं रोज अडकून पडणार नाहीत. डायलिसिसच्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ आहे.

यातलं काही होईपर्यंत, आहे त्याच व्यवस्थेत थोडं मागता येतं. गावातली आशा ताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची रक्तदाब-मधुमेहासाठीची प्राथमिक चौकशी करते. तिला घरातल्या आजाऱ्याबरोबर त्याची काळजी घेणाऱ्या माणसाचंही नाव द्यावं. घरातल्या किमान दोघांनी केंद्रावर जाऊन पाणी, आहार आणि फिस्टुलाची काळजी शिकून घ्यावी, म्हणजे एकीला ताप आला तर दुसरा नेऊ शकेल. मुंबई-पुण्याच्या भावंडांनी पैसे पाठवण्याबरोबर महिन्यातले चार डायलिसिस अंगावर घ्यावेत. गावाकडच्या माणसाला पैशांइतकाच रिकामा दिवसही हवा असतो. कार्डाची काही अडचण आली तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे विचारावं.

आणि पावसाळा लागायच्या आत केंद्रावर दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. रस्ता बंद झाला किंवा श्रावणी सोमवारची गर्दी असली तर वार एक दिवस अलीकडे घेता येईल का, आणि वार चुकलाच तर त्या मधल्या काळात पाणी-जेवण कितपत कमी करायचं. दुसरी गोष्ट पाळीची. लांबून येणाऱ्याला दुपारच्या पाळीत टाकलं तर परतताना शेवटची एसटी हुकते, मग तिनशे रुपयांच्या जागी हजारांची गाडी करावी लागते. सकाळच्या पहिल्या पाळीत नंबर मागावा, आणि का मागतो आहोत ते एसटीच्या वेळेसकट सांगावं.